पांढरं डिप, काळी चटणी

आधी एक कबुली. कॉलेजात असताना मी सॉस चोरायचे.

म्हणजे अगदी चोरी म्हणता येणार नाही, पण... बीएमएमला होते तेव्हा आमचा पाच जणींचा ग्रुप महिन्यातून एकदा, पॉकेटमनी हातात पडला की बर्गर खायला जायचा. ट्रेवर केचप, चिली फ्लेक्स, ओरेगॅनोची जेवढी पाकिटं येतील त्यातली अर्धी माझ्या सॅकमध्ये! कुणी डिपचा छोटा डबा न उघडता ठेवला, की तोही आपसूक माझाच. शुक्रवारी रात्री कसारा लोकल पकडायची, आसनगावला उतरायचं, शेअर रिक्षात स्वतःला कोंबायचं आणि घरी पोचल्यावर सॅक उलटी करायची. आमचे बंधुराज तेव्हा नववीत. जागे असायचे. माझ्यासाठी नाही, पाकिटांसाठी.

तो ती एका स्टीलच्या डब्यात जपून ठेवायचा आणि रविवारी तांदळाच्या भाकरीवर ओरेगॅनो भुरभुरून खायचा. आई कपाळावर हात मारून घ्यायची. मला मात्र सॉलिड भारी वाटायचं. शहरातून काहीतरी घेऊन येणारी ताई होते ना मी!

शहापूर कुठे आलं, हे मुंबईतल्या मित्रमंडळींना अजूनही सांगावं लागतं. मग मी सरळ म्हणते, तुम्ही आमचं पाणी पिता. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय, भातसा त्यानंतर आलं. दोन्ही आमच्याच तालुक्यात. आणि एप्रिल-मे उजाडला की आमच्याच पाड्यांवर टँकर. असो. हा लेख पाण्यावर नाही, सॉसवर आहे. पण पाणी यात येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

बंधुराज मोठे झाले, आयटीआय केलं, मुरबाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागले. २०२४ च्या शेवटी कंत्राट संपलं. जानेवारीत त्याने हायवेवर गाडी लावली. मोमो, फ्राइज, बर्गर. बाबांना अजिबात पटलं नाही. "आयटीआय करून गाडी लावणार?" एवढंच ते बोलले आणि मग बरेच दिवस काहीच बोलले नाहीत. मी मात्र एकदम सपोर्टमध्ये! माझ्या मते हा पठ्ठ्या नववीपासूनच ट्रेनिंग घेत होता.

गाडी बऱ्यापैकी चालली. नाशिककडे जाणारी, माहुलीच्या किल्ल्यावरून उतरलेली, कॉलेजची, सगळी पोरं थांबायची. आणि सगळ्यांना एकच गोष्ट हवी असायची. ते पांढरं. फ्राइजबरोबर पांढरं, मोमोबरोबर पांढरं, बर्गरमध्ये पांढरं, वर अजून थोडं पांढरं. किलोचं पाकीट बघता बघता संपायचं. हिशेब मांडला तर नफ्यातला मोठा वाटा मेयोनीजच खात होतं.

एका रात्री त्याचा फोन आला. "तायडे, ते पांढरं घरी करता येतं का गं?"

मी हसले. येतं म्हणजे काय! मी स्वतः त्यावर लिहिलं होतं. एका पुरवणीसाठी 'दहा मिनिटांत वीकएण्ड डिप्स' असा मजकूर. फ्रीलान्स करणाऱ्यांना माहीत असेल, असले मजकूर आपण लोकलमध्ये बसून मोबाइलवर टाइप करतो. बलक, तेल, लिंबू, मोहरी, मिक्सर फिरवा, झालं! मी त्याला लिंक पाठवली. शेवटी अंगठ्याचा इमोजी.

कच्च्या अंड्याबद्दल त्या मजकुरात एक ओळ नव्हती.

मे महिना

तो मार्चपासून घरी मेयो करायला लागला. सुंदर व्हायचं. गिऱ्हाइकं खूश, बंधुराज खूश, मी त्याहून खूश.

मे २०२५. सुट्टी लागली म्हणून मुरबाडहून मामांकडची पोरं आमच्याकडे आली होती. मामेभावाची दोन आणि त्यांच्या शेजारचा एक. संध्याकाळी काकाच्या गाडीवर पार्टी. आग्रह करकरून डिप वाढलं. त्या दिवशी वळवाचा पाऊस येऊन गेला होता, वीज दुपारी एकदा गेली, संध्याकाळी परत गेली. डिप सकाळी दहाला केलेलं. पोरांनी खाल्लं साडेसहाला. गाडीवर पाण्याचा एकच ड्रम, तोही मोजून वापरायचा, कारण टँकर दोन दिवसांनी येणार. हात त्याच पाण्यात, चमचे त्याच पाण्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघांनाही उलट्या सुरू झाल्या. दोघं घरीच सावरले. मामांचा नातू, वय सात, त्याला ताप चढला आणि सलाइन लावायला लागलं. तीन रात्री दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? बंधुराजांनी यादी सांगितली. मेयोपाशी डॉक्टर थांबले. "घरचं? अंडं कच्चं?"

डिपची तपासणी कुणी केली नाही. उरलेलं केव्हाच फेकलं होतं. तेव्हा डिपनेच झालं, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या रात्री मी माझाच मजकूर परत उघडून वाचला. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. तमिळनाडू सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर ८ एप्रिल २०२५ पासून वर्षभराची बंदी घातली होती. त्याआधी तेलंगणने ऑक्टोबर २०२४ मध्ये, हैदराबादमध्ये मोमो खाऊन लोक आजारी पडल्यावर आणि एक बाई दगावल्यावर, तेच केलं होतं. या दोन्ही बातम्या मी वाचल्या होत्या. पत्रकार आहे ना मी! वाचल्या आणि अंगठ्याने वर सरकवल्या. माझा भाऊ रोज तेच करतोय, हे डोक्यातच आलं नाही.

पोरगा बरा झाला. पण मामी बोलायच्या बंद झाल्या. फोन मामा उचलायचे, दोन वाक्यं बोलायचे, ठेवून द्यायचे. मामा म्हणजे आईचा एकुलता एक भाऊ. आई काही म्हणाली नाही. फक्त जूनमध्ये एकदा भात निवडता निवडता म्हणाली, "यंदा राखीला जायचं की नाही, बघू."

माझ्या पोटात गोळा आला. माझ्या आठवणीत आईने राखीला मुरबाड चुकवलेलं नाही.

आता जरा अभ्यास

बंधुराजांनी गाडी तीन आठवडे बंद ठेवली. बाबा 'मी म्हटलं होतं' असं म्हणतील म्हणून आम्ही तयारीत होतो. ते म्हणाले नाहीत. ते जास्त लागलं.

मी दोन कामं केली. एक, त्या मजकुराच्या ऑनलाइन आवृत्तीत कच्च्या अंड्याच्या धोक्याच्या दोन ओळी वाढवून घेतल्या. छापील अंक केव्हाच रद्दीत गेले होते. एखादं कात्रण कुणाच्या तरी फ्रीजवर अजून चिकटवलेलं असेल. त्याला काही इलाज नाही. दोन, जे लिहायच्या आधी करायला हवं होतं ते नंतर केलं. वाचलं.

फंडा असा आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे आपण शाळेत शिकतो. मेयोनीज म्हणजे तेलाचे अगदी बारीक थेंब पाण्यात अडकवून ठेवायचे. त्यांना धरून ठेवायला मध्यस्थ लागतो. अंड्यात तो म्हणजे बलकातलं लेसिथिन. पण अंड्याच्या कवचावर, कधी कधी आतसुद्धा, साल्मोनेला नावाचा जिवाणू असू शकतो. वास येत नाही, रंग बदलत नाही, चव बिघडत नाही. अंडं नीट शिजवलं की तो मरतो. कच्च्या मेयोत मरत नाही, आणि उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर वाढत जातो. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये असले जिवाणू मजेत असतात. आमच्याकडे मे महिन्यात गाडीवर किती अंश असतं ते तुम्हीच ठरवा. कारखान्यात पाश्चराइझ केलेलं अंडं वापरतात आणि आंबटपणा मोजून ठेवतात. आपण लिंबू अंदाजाने पिळतो. फरक तिथे पडतो.

आणि गंमत म्हणजे, आपण बाजारातून आणतो त्या मेयोच्या पाकिटावर बहुतेक वेळा हिरवा ठिपका असतो. म्हणजे त्यात अंडं नसतंच! दुधातल्या किंवा सोयाबीनच्या प्रथिनांवर काम भागतं. बंधुराज ज्या चवीच्या मागे धावत होता, ती मुळात अंड्याची नव्हतीच.

मग दूध. दुधातलं केसिन तोच मध्यस्थाचा रोल करतं. जूनचे चार रविवार आम्ही दोघं आईच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून होतो. पहिल्या रविवारी ताक झालं. दूध कोमट होतं. दुसऱ्या रविवारी तेल एकदम ओतलं, तर वर तेल, खाली दूध, मध्ये आमचे चेहरे. तिसऱ्या रविवारी सगळं जमत आलं आणि वीज गेली! आई बाजूला बसून भाजी निवडत होती. "एवढं तेल? एवढ्यात आठवडाभराची भाजी होते."

चौथ्या रविवारी जमलं. वहीत उतरवून घ्या.

म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध अर्धी वाटी, उकळलेलं आणि फ्रीजमध्ये पूर्ण गार केलेलं. सूर्यफुलाचं रिफाइंड तेल एक वाटी. मोहरीची पूड अर्धा चमचा, मीठ, अर्धा चमचा साखर. मिक्सरचं लहान, चटणीचं भांडं. आधी तेल आणि व्हिनेगर सोडून सगळं एकदा फिरवायचं. मग मिक्सर चालू ठेवून झाकणाच्या भोकातून तेलाची बारीक धार सोडायची. आधी अगदी बारीक, आवाज जड झाला की थोडी मोठी. मिक्सर सलग तापवू नका, मध्ये थांबा. दाट झालं की शेवटी दोन चमचे व्हिनेगर. ते आधी घातलं तर दूध फाटतं, शेवटी घातलं तर उलट आणखी दाट येतं. फिस्कटलं तर फेकायचं नाही. स्वच्छ भांड्यात दोन चमचे गार दूध घ्या आणि फिस्कटलेलं त्यात हळूहळू सोडा. बहुतेक वेळा सावरतं.

अंड्याचीच चव हवी असेल, तर दोन अंडी बलक घट्ट होईपर्यंत उकडा, गार करा आणि दही-तेल-मोहरीबरोबर वाटा. थोडं जाडसर होतं, पण झोप लागते.

आणि हो, दुधाचं आहे म्हणून बाहेर ठेवलं तरी चालेल असं नाही. फ्रीजमध्येच, आणि दोन दिवसांत संपवायचं. गाडीवर न्यायचं तर बर्फावर, आणि उरलेलं रात्री फेकायचं. ओला चमचा आत घालायचा नाही. पाण्याचे ड्रम बंधुराजांनी दोन केले. एक हातांना, एक भांड्यांना.

राखी पौर्णिमा

९ ऑगस्ट २०२५. शनिवार. सकाळी आई तयार होऊन ओट्यापाशी उभी होती. हातात राखी आणि नारळ. "चला," म्हणाली. जणू मधे काही झालंच नव्हतं. बंधुराज सकाळी सहालाच उठून मिक्सर फिरवत होता. डिप स्टीलच्या डब्यात, डबा थर्माकोलच्या खोक्यात, खोक्यात बर्फाच्या पिशव्या. मी म्हटलं, "अरे, हे न्यायलाच हवं का? तिथे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर..." तो म्हणाला, "न्यायचं."

मुरबाडला अजून रेल्वे नाही. शहापूरहून किन्हवलीवरून एसटी. दोन्ही बाजूंना भातखाचरं नुसती हिरवीगार. मुरबाडच्या स्टँडवर माळशेजला निघालेल्या वीकएण्डवाल्या पोरांची ही गर्दी! पुढे टोकावड्याच्या अलीकडे मामांच्या गावापर्यंत जीप. अख्ख्या प्रवासात बंधुराजांनी खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

मामांनी दारातच आईला जवळ घेतलं. मामी आत होत्या. ओवाळणं झालं, राखी झाली, नारळीभात झाला. मामी सगळ्यांना वाढत होत्या, आमच्याकडे बघत नव्हत्या. जेवणं उरकल्यावर बंधुराजांनी खोकं उघडून डबा त्यांच्यासमोर ठेवला.

मामींनी झाकण काढलं. बराच वेळ बघत राहिल्या.

"अंडं?"

"नाही मामी. दूध. उकळलेलं."

"कवा केलंस?"

"सकाळी सहाला. बर्फात आहे तेव्हापासून."

मामींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग करंगळीच्या टोकाने नाही, चांगला चमचाभर घेतलं आणि स्वतः खाल्लं. आधी स्वतः. आम्ही श्वास रोखून.

"मीठ कमी हाय," मामी म्हणाल्या.

मग त्या उठल्या आणि फडताळातून एक बरणी घेऊन आल्या. खुरासणीची चटणी. आमच्या भागात माळावर खुरासणी होते, कुणी कारळे म्हणतात. आजीच्या वेळी घरात तेलही त्याचंच असायचं. बी भाजून, सुकी मिरची, लसूण, मीठ घालून कुटायची. काळीभोर. मामींनी दोन चमचे चटणी डिपात टाकली आणि ढवळली. पांढऱ्याचा झाला राखाडी! दिसायला, खरं सांगते, काहीच्या काही. चवीला? भाजलेल्या दाण्यासारखा खमंगपणा, मागून किंचित कडवटपणा, मग लसूण. कुठल्याही ट्रेवर मला असलं काही मिळालेलं नाही.

सुनेने करटोलीचे काप तळून आणले. सगळे बुडवून बुडवून खायला लागले. मामासुद्धा.

नातू उंबऱ्यावर बसून बघत होता. बंधुराजांनी एक काप बुडवून त्याच्यापुढे धरला. तो मागे सरकला. "मला नको." कोणी काही बोललं नाही. मामी हळूच म्हणाल्या, "राहू दे. त्याला भ्या वाटतं." बंधुराजांनी तो काप स्वतः खाल्ला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. मी मागे गेले नाही. काय बोलणार होते? त्याला लिंक मी पाठवली होती.

निघताना मामी खाली रस्त्यापर्यंत आल्या. जीप आली तेव्हा त्यांनी डबा आईच्या हातात दिला. जड होता. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. खुरासणीची चटणी, अगदी काठोकाठ. "गाडीवर लावून बघ," त्या बंधुराजांना म्हणाल्या. त्याच्याशी बोललेलं मे महिन्यानंतरचं त्यांचं हे पहिलं वाक्य. मग माझ्याकडे वळून, "आन् बाय, तू लिवतेस ना, मग नीट इचारून लिवत जा."

परतीच्या एसटीत आई खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. कितीतरी दिवसांनी अशी गाढ.

आता गाडीवर दोन डिप्स मिळतात, पांढरं आणि काळं. काळं आधी कुणी घेत नव्हतं. रंग बघूनच पोरं नाक मुरडायची. मग बंधुराजांनी फ्राइजबरोबर अर्धा चमचा फुकट द्यायला सुरुवात केली, आता मागून घेतात. गाडीवर खडूने लिहिलेली पाटी असते, 'डिप आज सकाळी केलेलं आहे. अंडं नाही. रात्री उरलेलं फेकतो.' बाबा आठवड्यातून दोनदा संध्याकाळी तिथे येऊन बसतात. मदत करत नाहीत. पाटी वाचतात आणि तारीख बरोबर आहे का बघतात.

भाऊबिजेला मामा नातवाला घेऊन आमच्याकडे आले होते. त्याने फ्राइज खाल्ले. केचपबरोबर. डिपची वाटी बंधुराजांनी त्याच्याजवळ ठेवली होती, ती तशीच राहिली. आग्रह कुणी केला नाही. जेवणं झाल्यावर बंधुराजांनीच ती उचलली, आत नेली आणि धुऊन टाकली.